कोरियन संगीत ऐकायचंय? आधी जांगूकडे कान द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: तबल्याची मध्यमापर्यंतची तयारी असलेल्या एकाने लिहिलंय की कोरियन मालिकांमुळे तिथल्या संगीताची ओढ लागली, गायागुम या आडव्या तारवाद्याचे भरपूर व्हिडिओ पाहिले, पण 'अस्सल पारंपरिक' म्हणून जे ऐकलं ते संथ आणि सगळं एकसारखं वाटलं. पान्सोरी, म्हणजे कोरियन कथागायन, गाणाऱ्या बाईंचा आवाज तर घसा बसल्यासारखा वाटला, दहा मिनिटांत बंद केलं. मग सुरुवात कुठून करावी, त्यांच्याकडे राग असतात का, आणि गायागुम मागवून घरी शिकता येईल का?

मी स्वतः तबल्यावरून जांगू या कोरियन तालवाद्याकडे वळलेली आहे. सोलमध्ये राहत असताना सान्जोच्या, म्हणजे तिथल्या एकल वाद्यवादनाच्या, साथीचं शिक्षण घेतलं, आता साथ करते आणि शिकवतेही. त्यामुळे हे उत्तर साथीदाराच्या जागेवरून दिलेलं आहे. गायागुम वाजवणारी व्यक्ती कदाचित वेगळ्या टोकाने सुरुवात करेल. पण तुमच्या बाबतीत मला साथीदाराचीच वाट जास्त उपयोगी वाटते, कारण तुमची खरी अडचण संथपणाची नाहीच. विलंबित एकताल तुम्ही वाजवला असणार, त्याच्यापुढे संथ ते काय! अडचण ही आहे की तुम्ही सूर शोधत बसलात आणि लयीकडे लक्षच गेलं नाही. आपल्या कानाला सवय असते की तानपुरा लागला, षड्ज ठरला, की मग बाकीचं उलगडत जाईल. कोरियन संगीतात तानपुऱ्यासारखा सतत धरलेला आधार नसतो. तिथे कानाला जो आधार मिळतो तो तालाचा. त्याला ते जांगदान म्हणतात. तो एकदा हाताला लागला की 'एकसारखं' वाटणारं संगीत आपोआप सुटं होत जातं.

म्हणून आधी जांगू. डमरूच्या घाटाचं, पण बरंच मोठं असं हे वाद्य आडवं ठेवून वाजवतात. डावं तोंड जाड चामड्याचं आणि खर्जातलं, उजवं पातळ आणि चढं. उजव्या हातात बांबूची बारीक काठी असते. सान्जोच्या साथीत डावीकडे उघड्या तळव्याने वाजवतात. तुमच्यासाठी आनंदाची गोष्ट म्हणजे याचेही बोल आहेत आणि ते तोंडाने म्हणूनच शिकवले जातात. दोन्ही हात एकदम पडले की 'दंग', फक्त डावा पडला की 'खुंग', फक्त काठी पडली की 'दॉक', काठीची झपकी आधी लागून मग ठोका आला की 'किदॉक', आणि काठी चामड्यावर थरथरत सोडली की 'दॉरॉरॉरॉ'. 'धा'मध्ये 'गे' आणि 'ना' एकत्र असतात हे ज्याला माहीत आहे, त्याला 'दंग' समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक: खोलीत, एखाद्या नाजूक वाद्याबरोबर बसून वाजवताना काठी चामड्याच्या मधोमध न मारता कडेला मारतात, म्हणजे आवाज सुका आणि लहान येतो. उघड्या अंगणात, शेतकऱ्यांच्या नाचाबरोबर, तीच काठी मधोमध पडते. रेकॉर्डिंग ऐकताना काठी कुठे पडतेय एवढं जरी टिपलंत तरी हे संगीत कुठल्या बैठकीचं आहे याचा अंदाज येतो.

आता सान्जो. गायागुमचा सान्जो हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशाच्या नैर्ऋत्येला, जॉल्ला प्रांतात घडला. त्याचं श्रेय किम चांग-जो यांना दिलं जातं. त्या भागातल्या देवऋषी स्त्रियांच्या विधींबरोबर वाजणारं सिनावी नावाचं वाद्यसंगीत आणि पान्सोरीचं गायन, या दोन्हींचं रक्त सान्जोत आहे. रचना आपल्याला ओळखीची वाटते: एक वाद्य, एक साथीदार, आणि अतिसंथ लयीपासून वेगाकडे चढत जाणारा प्रवास. जिन्यांगजो, मग जुंगमोरी, जुंगजुंगमोरी, जाजिनमोरी, आणि शेवटी ह्विमोरी किंवा त्याच्याही पुढची द्रुत अंगं. विलंबित–मध्य–द्रुत या चढणीवर वाढलेल्या माणसाला हा आराखडा परका नाही.

पण इथेच एक फसगत आहे आणि तबला शिकलेले लोक तिच्यात हमखास अडकतात. जुंगमोरी १२ मात्रांचा. १२ मात्रा म्हटल्यावर हात एकतालाकडे धावतो, आणि कान वाट बघू लागतो की मुखडा घेऊन कलाकार कधी समेवर येतोय. तो तसा येत नाही. जुंगमोरीचे तीन-तीन मात्रांचे चार भाग मनात धरा. पहिला भाग ढकलून सुरुवात करतो, दुसरा ते लांबवतो, तिसरा गाठ मारतो आणि चौथा ती गाठ सोडतो. ती गाठ नवव्या मात्रेवर पडते. तिथे काठीचा ठणठणीत आघात येतो, आणि १०, ११, १२ या मात्रांत सगळं सैल होत पुढच्या आवर्तनात मिसळतं. म्हणजे पहिली मात्रा महत्त्वाची आहेच, पण ताणाचं टोक तिच्यावर नाही, नवव्यावर आहे. आपल्याकडे ताण समेला सुटतो. इथे आवर्तन संपण्याआधीच सुटून जातो, आणि पहिली मात्रा नव्या श्वासासारखी येते. समेची वाट बघणारा कान म्हणूनच कंटाळतो, कारण तो ज्या जागी दरवाजा शोधतोय तिथे तो नाहीच.

करून बघा. मांडीवर १२ मोजा, १ वर दोन्ही हात, ९ वर उजव्या हाताने जोरात, बाकी हलकं. हे स्थिर झालं की किम जुक-पा (१९११–१९८९) यांचं एखादं जुंगमोरी लावा. त्या किम चांग-जो यांची नात, आणि त्यांच्या शैलीचा सान्जो आज सर्वांत जास्त शिकवल्या जाणाऱ्या सान्जोंपैकी आहे. नवव्या मात्रेच्या आसपास त्यांचा उजवा हात काय करतो आणि त्यानंतर कसा मोकळा होतो ते ऐका. माझ्याकडे तबल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला लावते, सुरांबद्दल चकार शब्द न काढता.

जिन्यांगजो तेवढा नंतर घ्या. तो सहा मात्रांचा, प्रत्येक मात्रा तीन भागांत फुटलेली, आणि असे चार फेरे मिळून २४ मात्रांचं एक मोठं वाक्य: पुन्हा तेच ढकलणं, लांबवणं, गाठ, सोडणं, फक्त प्रत्येकाला सहा मात्रा. सान्जोची सुरुवात यानेच होते, म्हणून नवखा श्रोता पहिल्या पाच मिनिटांत गळतो. कार्यक्रमात क्रम बदलता येत नाही, घरी ऐकताना येतो. आधी मधली लय, मग वेगाची, आणि कान तयार झाल्यावर जिन्यांगजो. मला स्वतःला आज विचाराल तर सान्जोचं सगळं मोठेपण जिन्यांगजोतच आहे. साथीदाराला तिथे दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा असते की वाजवण्यापेक्षा न वाजवण्याचं धाडस लागतं.

मात्रा तीन भागांत फुटते हे लक्षात ठेवा, ही कोरियन संगीताची मोठी खूण आहे. चीन आणि जपानच्या बहुतेक संगीतात चाल दोनच्या पटीत असते. कोरियात तिस्र अंग जवळजवळ सगळीकडे सापडतं, लोकगीतांत, नाचात, सान्जोत. 'पूर्व आशियाई पाच सुरांचं शांत संगीत' अशा एका टोपलीत हे सगळं टाकणाऱ्या प्लेलिस्ट असतात, तिथून सुरुवात केलीत तर फरक कळणारच नाहीत. वाद्यांचंही तेच. जपानी कोतोला साधारणपणे १३ तारा आणि बोटांवर नख्या, चिनी गुझंगला आज बहुधा २१ तारा आणि त्यावरही नख्या, तर गायागुमच्या १२ रेशमी तारा उघड्या बोटांनी छेडतात. दिसायला तिन्ही बहिणी, पण बोटाच्या मांसाचा स्पर्श ऐकू येतो तो गायागुमवर.

आता सुरांकडे. राग असतात का, याचं सरळ उत्तर: नाही, पण सुराला वागवण्याची शिस्त आहे आणि ती तुम्हाला आपलीशी वाटेल. सान्जो आणि पान्सोरीत उजो, प्योंगजो, ग्येम्योनजो अशा स्वरचौकटी असतात, त्या एकाच रचनेत बदलत जातात, आणि त्यांना दिवसाच्या प्रहराचं बंधन नाही. जॉल्लाकडचा ग्येम्योनजो हा सर्वांत करुण. त्यातला मुख्य सूर सा धरला तर त्याचा कणा असा मिळतो: खाली मंद्र पंचम, मध्ये सा, वर कोमल गंधार आणि त्याच्याखाली शुद्ध रिषभ. चार सूर, पण प्रत्येकाला वेगळं वागवायचं. पंचम जाड आणि रुंद हलवायचा. सा अजिबात हलवायचा नाही, सरळ ठेवायचा. आणि कोमल गंधारावर थांबायचं नाही, त्याच्यावर आदळून लगेच रिषभावर कोसळायचं. हे कोसळणं म्हणजे या संगीताचा हुंदका. दरबारीत गंधार आंदोलित झाला नाही तर दरबारी होत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही शिस्त पटकन कळते. इथेही सूर कोणता यापेक्षा तो कसा लावला यालाच अर्थ आहे.

गायागुमवर हे सगळं डाव्या हाताचं काम. तारेखाली हलवता येणाऱ्या घोड्या असतात. उजवा हात घोडीच्या एका बाजूला तार छेडतो, डावा दुसऱ्या बाजूला ती दाबतो, हलवतो, सोडतो. व्हिडिओ बघताना आपण उजव्या हाताची बोटं बघत बसतो. डाव्या हाताकडे बघा. सूर छेडून झाल्यावर त्याचं जे काही होतं ते तिथे होतं.

यावरून तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंबद्दल. ज्यात पाश्चात्त्य पॉप गाणी गायागुमवर वाजतात, त्यात बहुतेक वेळा २५ तारांचं नवं वाद्य असतं. त्याला कृत्रिम धाग्याच्या तारा असतात आणि ते सात सुरांत जुळवलेलं असतं. गाणी, स्वरमेळ, दोन्ही हातांनी छेडणं हे त्यावर सोयीचं पडतं, पण डावा हात छेडण्यात गुंतला की तार दाबून हलवणं मागे पडतं. ते वाद्य वाईट नाही, त्यासाठी उत्तम नवं संगीत लिहिलं गेलंय. पण त्यावरून सान्जोकडे गेलात तर अपेक्षा चुकतात.

एक गोष्ट ख्याल ऐकणाऱ्यांना नेहमी खटकते, ती आधीच सांगते. आजचा सान्जो बहुतांशी तिथल्या तिथे फुललेला नसतो. प्रत्येक मोठ्या वादकाची एक 'रयू', म्हणजे घराण्यासारखी धारा, आणि त्या धारेचा सान्जो ठरलेला. शिष्य तो पूर्ण पाठ करतो. पूर्ण वाजवला तर तासाच्या आसपास जातो. आधीच्या पिढ्यांत वादक स्वतःची भर घालत, रचना वाढत जात असे. १९६२ मध्ये वारसा जतन करण्याचा कायदा आला, १९६८ मध्ये गायागुम सान्जोला त्याखाली दर्जा मिळाला, आणि जपायचं काय तर 'हे असंच' असा आग्रह वाढला. मला याची दोन्ही टोकं दिसतात. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात हा कायदा नसता तर कित्येक धारा पुसल्या गेल्या असत्या. पण ज्या कलेचा जन्मच मोकळ्या वाजवण्यातून झाला ती गोठली, हेही खरं. म्हणून ऐकताना 'आज नवीन काय केलं' हे शोधू नका. एकाच धारेचे दोन वादक शेजारी ठेवून ऐका, फरक सूक्ष्म असतो आणि मजा त्यातच आहे.

पान्सोरीचा आवाज. तुम्ही घसा बसल्यासारखा म्हणालात, आणि तो मुद्दाम तसा कमावलेला असतो. गोड, स्वच्छ आवाजाला तिथे वरचं स्थान नाही. वर्षानुवर्षं जोराने गाऊन, धबधब्याच्या आवाजावर मात करत, आवाजाला खरखर आणि भेदकपणा येईपर्यंत घासतात. कारण गायक एकटाच असतो, हातात एक पंखा, शेजारी पुक नावाचा ढोल वाजवणारा गोसू, आणि एवढ्यावर राजा, भिकारी, नवरी, प्राणी, सैन्य सगळं उभं करायचं. मध्ये बोलून कथा पुढे न्यायची, मग गायचं, पुन्हा बोलायचं. आपल्याकडचा पोवाडा ऐकताना शाहिराचा आवाज मखमली का नाही असं आपण विचारत नाही, तीच नजर इथे लावा. आज पाच दीर्घ कथा टिकून आहेत. त्यांतली एकेक कथा तासन्‌तास चालते. १९६८ मध्ये पाक दोंग-जिन यांनी त्यांतली ह्युंगबोगा ही कथा सलग पाच तास गायली आणि अखंड कथागायनाची परंपरा पुन्हा रुळावर आणली. युनेस्कोने २००३ मध्ये पान्सोरीला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशातली श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केलं.

पण तुम्ही पाच तासांच्या वाटेला जाऊ नका. किम सो-ही (१९१७–१९९५) किंवा आन सुक-सन या गायिकांचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे घ्या, आणि कथा आधी वाचून बसा. भाषा कळत नसताना पान्सोरी ऐकणं फार अवघड. इम क्वॉन-थेक यांचा २००० सालचा 'चुनह्यांग' हा चित्रपट मी नवख्यांना सुचवते, कारण त्यात चुनह्यांगची कथा पान्सोरी गायनाच्या आधाराने पडद्यावर उलगडते, आणि खाली उपशीर्षकं असतात. त्यानंतर आवाज खटकेनासा होतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

तिथली एक म्हण आहे: पहिला गोसू, दुसरा गायक. गोसू फक्त ठेका धरत नाही. गायकाने वाक्य टाकलं की मधल्या फटीत तो 'ऑलसिगू', 'चोत्ता', 'च्याल्हान्दा' असे पुकारे देतो. श्रोतेही देतात. हे पुकारे नसले तर गायकाला रिकाम्या खोलीत गायल्यासारखं होतं. आपल्या बैठकीतल्या 'क्या बात है'चीच ही जागा, फक्त तिथे ती तालात बसावी लागते, वाक्याच्या शेवटी सुटणाऱ्या जागेत. राजदरबारी संगीताच्या कार्यक्रमात मात्र हे चालत नाही, तिथे शांत बसायचं.

आजच्या संगीताबद्दल तुम्ही विचारलं नव्हतंत, पण मालिकांमधून आला आहात म्हणजे ते कानावर पडणारच. माझी कसोटी एकच असते, जांगदानचं काय केलंय? १९७८ मध्ये किम दॉक-सू आणि साथीदारांनी गावच्या अंगणातलं तालवाद्यांचं वादन सोलच्या छोट्या नाट्यगृहात बसून सादर केलं. दोन धातूंची वाद्यं, दोन चामड्याची, एवढ्यावर. त्यातून सामुलनोरी हा प्रकार जन्मला. तबलजींना मी डोळे झाकून हा सुचवते, तो पहिल्याच दिवशी आवडतो. ह्वांग प्योंग-गी (१९३६–२०१८) यांच्या गायागुमसाठीच्या नव्या रचना त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, विचारी आणि विरळ. जाम्बिनाई हा २००९ पासूनचा गट हेगुम, कोमुंगो, पिरी ही पारंपरिक वाद्यं घेऊन प्रचंड आवाजाचा रॉक करतो, २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात ते वाजले होते.

आणि इनालची हा गट. त्यांचं 'वाघ खाली उतरतोय' हे गाणं २०२० मध्ये पर्यटनाच्या जाहिरातीतून जगभर गेलं, कदाचित तुम्ही ऐकलंही असेल. ते सुगुंगा या पान्सोरीतलं आहे. समुद्राच्या आजारी राजाला सशाचं काळीज, म्हणजे यकृत, हवंय म्हणून कासव जमिनीवर येतं, आणि ससा 'काळीज घरी विसरलो' म्हणून सुटतो. पंचतंत्रातलं माकड आणि मगर आठवलं ना? ही कथा भारतातूनच, जातककथांच्या रूपाने, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे पोहोचली. मूळ पान्सोरीत वाघाचा हा प्रसंग ऑतमोरी जांगदानात आहे: १० मात्रा, ३-२-३-२, जलद. झपताल २-३-२-३, म्हणजे तुमच्या हाताला ही चाल आतून माहीत आहे, फक्त उलट बाजूने. इनालचीने तेच शब्द सरळ चारच्या नाचऱ्या ठेक्यावर बसवले, दोन बेस गिटार आणि ड्रम्सवर. दोन्ही रूपं एकापाठोपाठ ऐका. मूळ रूपात वाघाची पावलं लंगडत, दबकत येतात. नव्या रूपात लोक नाचतात. मला दोन्ही आवडतात, पण वाघाची भीती ३-२-३-२ मध्येच आहे.

राहिला गायागुम मागवण्याचा प्रश्न. ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे: शिक्षक समोर आहे का, तार तुटली तर बसवणार कोण, आणि राजदरबारी संगीताचं आणि सान्जोचं वाद्य वेगळं असतं हे विक्रेत्याला विचारता येईल का. सान्जोचं वाद्य लहान असतं आणि तारा जवळजवळ असतात. शिक्षकाशिवाय मागवायचंच असेल तर मी आत्ता नको म्हणेन, कारण डाव्या हाताचा दाब समोर बसूनच दुरुस्त होतो, कॅमेऱ्यातून तो नीट दिसत नाही. जांगू मात्र ऑनलाइन बरंच शिकता येतं, आणि तुमचे हात अर्धे तयार आहेत. वाद्य मिळेपर्यंत मांडीवर बोल म्हणत सराव करा. दिल्लीत कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे वर्ग किंवा कार्यशाळा आहेत का याची चौकशी करा. ऐकण्यासाठी सोलच्या राष्ट्रीय गुगाक (म्हणजे कोरियन पारंपरिक संगीत) केंद्राची ध्वनिचित्रमुद्रणं आणि गुगाक एफएम ही रेडिओवाहिनी पुरेशी आहेत, तिथली निवड यादृच्छिक प्लेलिस्टपेक्षा खूप विश्वासाची असते. जुंगमोरीची नववी मात्रा न मोजता हाताला सापडू लागली की मला इथेच कळवा, मग जिन्यांगजो कसा धरायचा ते बोलांसकट लिहून देईन.